मामांच्या गाडीतला हीटर

जगातली कुठलीही वस्तू आपणहून बिघडत नाही, तिच्याकडे कुणी लक्ष देईना म्हणून ती रुसते आणि बंद पडते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मी मूळचा नाशिककडचा. नोकरीसाठी म्हैसूरला आलो आणि इथल्याच एका जुन्या मराठी घराण्याचा जावई झालो. कारखान्यात कॉस्टिंग बघतो. आकडा गोल करून सांगणं मला जमत नाही. कुणी वेळ विचारली तर मी सव्वासात न म्हणता सात चौदा म्हणतो, त्यामुळे बायकोने मला वेळ विचारणं सोडून दिलं आहे. अशा माणसाला मामांसारखा सासरा मिळावा, हा योग म्हणायचा की शिक्षा, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नव्हतं.

मामा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रयोगशाळा मागे ठेवली आणि सांभाळणं तेवढं घरी आणलं. जयलक्ष्मीपुरमच्या त्यांच्या घरात दर रविवारी अंघोळीनंतर त्यांची फेरी निघते. मागच्या दाराला एक घंटी आहे, त्या दाराने कुणी येत नाही. पण मामा बाहेर जाऊन ती दाबतात आणि आत येऊन मामींना विचारतात, ‘‘ऐकू आली?’’ पाहुण्यांच्या खोलीतला पंखा ते एक ते पाच आणि पुन्हा पाच ते एक असा फिरवून बघतात, पाहुणे असोत नसोत. रेडिओच्या ज्या पट्ट्यावर नुसती खरखर येते, ती खरखर ते काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत ऐकतात. छत्र्या उन्हाळ्यातही एकदा उघडल्या जातात. या फेरीत माझ्याकडेही एक काम आहे. रविवारी मी त्यांच्या जुन्या लँडलाइनवर फोन करायचा, त्यांनी तो उचलायचा आणि ‘‘चालतंय, ठेवा’’ म्हणून खाली ठेवायचा. एकदा मला राहवलं नाही. मी घाईघाईने विचारलं, ‘‘मामा, बरे आहात ना?’’ पलीकडून वैतागलेला आवाज आला, ‘‘अय्यो अळियंद्रे, ते विचारायला मोबाइल आहे की! ह्याच्यावर सुम्ने बोलत बसू नका.’’ अळिया म्हणजे जावई. अळियंद्रे म्हणजे जावईबापू. आणि सुम्ने म्हणजे उगाच. मामांच्या मराठीत हा शब्द मिठासारखा पडतो, आणि तो बहुतेक वेळा माझ्यावरच पडतो.

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत घोड्यावर होते. घोडे गेले, तलवार कुठल्याशा काकांकडे गेली, मामांच्या वाटणीला आला फक्त एक बिगुल. आयुधपूजेच्या दिवशी सगळं शहर वाहनांना झेंडूच्या माळा घालत असतं, तेव्हा मामा गच्चीवर जाऊन तो बिगुल एकदा फुंकतात. सूर वगैरे काही नसतो. म्हशीला मोटार धडकावी तसा एक आवाज येतो, आणि मामा समाधानाने खाली येतात. एका वर्षी समोरच्या घरातला नवा भाडेकरू ‘काय झालं, कुणाला लागलं’ म्हणत धावत आला होता. मामांनी त्याला बसवलं, कोसंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, खायला दिली आणि म्हणाले, ‘‘काही झालं नाही हो. वर्षातनं एकदा आवाज काढला नाही तर विसरून जातं ते.’’

आणि मामांची गाडी. तीसेक वर्षांची, पांढरी, स्टीअरिंग केवढं म्हणाल तर आमच्या पोळपाटाच्या दुप्पट. मामांनी जन्मात विडी ओढली नाही, पण गाडीतलं राखेचं भांडं दर रविवारी पुसलं जातं. आणि दर रविवारी, भर एप्रिलातसुद्धा, मामा काचा बंद करून गाडीचा हीटर लावतात. थोड्या वेळाने दार उघडतं आणि घामाने निथळलेले मामा बाहेर येऊन जाहीर करतात, ‘‘हीटर सरी आहे.’’ सरी म्हणजे ठीक. म्हैसुरात ज्यांच्याकडे मोटार आहे, त्यांतल्या बहुतेकांना आपल्या गाडीत हीटर आहे हेच माहीत नाही. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा स्पष्टच म्हणालो, ‘‘मामा, इथं हीटर लागतो कुणाला?’’ ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो. ‘‘बनवणारा काय वेडा होता? त्यानं दिलं आहे म्हणजे चालायला पाहिजे.’’

म्हैसूरची थंडी हा आमच्यातला कायमचा वाद. डिसेंबर उजाडला की मामा माकडटोपी चढवतात, वर मफलर, आणि हिमालयातून परतलेल्या माणसासारखे हात चोळत बोलतात. मी माझ्या बाल्कनीत थर्मामीटर टांगला. पहाटेचे आकडे बघून मी त्यांना सांगितलं की सोळाच्या खाली पारा गेलेला नाही, याला आमच्याकडे थंडी म्हणत नाहीत. मामांनी शांतपणे विचारलं, ‘‘तो थर्मामीटर कुठून आणला?’’ मी म्हणालो, ‘‘नाशिकहून.’’ ‘‘मग त्याला इथली थंडी कशी कळेल?’’

पण खरं सांगायचं तर हीटर थंडीसाठी नव्हताच, मामींसाठी होता. मामी कृष्णराजनगरकडच्या. नदीकाठी, भाताच्या खाचरांत अनवाणी वाढलेल्या. बोलणं कमी, हसणं जास्त, आणि हसणं बहुतेक मामांना. लग्न झाल्यापासून धनुर्मासात रोज पहाटे सूर्य उगवायच्या आत देवळात जायचं, पूजा बघायची, द्रोणातली मिरे घातलेली गरम हुग्गी, म्हणजे मुगाची खिचडी, खायची आणि उजाडता घरी यायचं, हा त्यांचा नेम. आधी सायकलच्या कॅरिअरवर, मग स्कूटरवर, मग या गाडीत, नेणारे मामाच. पुढे मामींना साखर निघाली, पाय गार पडू लागले, आणि डॉक्टरांनी पाय थंडीपासून जपायला सांगितलं. आता नाहून सोवळं नेसलेली बाई देवळाला निघताना मोजे घालणार का? नाही घालणार. म्हणून हीटर. दर धनुर्मासात मामा पहाटे आधी इंजिन तापवायचे, मग मामींना बसवायचे. या दिवसांतला मामांचा आणखी एक विक्षिप्तपणा आम्हाला सगळ्यांना ठाऊक होता: महिनाभर ते गाडी अनवाणी चालवत. पायांत बूट नाही, चप्पल नाही. डोक्यावर माकडटोपी आणि खाली उघडे पाय! आम्ही समजलो, काहीतरी नवस असेल. मी एकदा विचारलं तेव्हा ‘‘पेडल नीट कळतं’’ एवढंच म्हणाले होते.

गेल्या धनुर्मासात त्या हीटरने दगा दिला. आधी गाडीत गोडसर वास यायला लागला, मग समोरची काच आतून धुकट होऊ लागली. मामा काच पुसत आणि वास घेत चालवत राहिले. आणि एका सकाळी डॅशबोर्डमागून गरम पाणी ठिबकलं ते नेमकं मामींच्या पायावर. घरी येऊन बघतात तर पायाला हा मोठा फोड. ‘‘पाय बाजूला का नाही घेतला?’’ माझ्या बायकोने विचारलं. ‘‘डोळा लागला होता ग,’’ मामी म्हणाल्या. फोड बरा व्हायला उन्हाळा आला.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निदान केलं. इंजिनातलं गरम पाणी दोन नळ्यांनी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातं, पंखा त्यावरून वारा फुंकतो, तीच गाडीतली ऊब. हा छोटा रेडिएटर, म्हणजे हीटर कोअर, सडला होता. ‘‘सोपं आहे सार्,’’ तो म्हणाला. ‘‘दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकतो. बायपास. इथं सगळे तेच करतात. हीटर कुणाला लागतो?’’ मामांनी त्याच्या हातून बॉनेट घेतलं आणि हळूच बंद केलं. वाटेत मला म्हणाले, ‘‘नळ्या जोडतो म्हणे! तुमचं नाक चोंदलं तर नाक कापून तोंडाला जोडतात काय हो?’’

घरात सभा भरली. मी माझी गाडी देऊ केली. तिच्यात तापमानाचा आकडा दाबला की तेवढंच तापमान राहतं. मला तरी याहून सुंदर गोष्ट सुचत नाही. रोज पहाटे चालवायलाही मी तयार होतो. मामा म्हणाले, ‘‘तुमची गाडी चांगली आहे. पण तिच्या मनातलं मला कळत नाही.’’ वाद वाढायला लागला तेव्हा मामी कांदा चिरता चिरता म्हणाल्या, ‘‘एवढं कशाला ते? पुष्कळ वर्षं झाली की. आता पुरे. देव घरातपण आहे.’’

त्या रविवारी मामांनी फेरी काढली नाही. मी नेहमीप्रमाणे लँडलाइनवर फोन केला, तो वाजत राहिला. घाबरून मोबाइल लावला. तो उचलून मामा म्हणाले, ‘‘ती पुरे म्हणाली, ऐकलंत ना? आज देऊळ पुरे. उद्या अंगण पुरे. मग खोलीतनं बाहेर येणं पुरे. प्रयोगशाळेत मी हेच बघितलं अळियंद्रे. कपाटात ठेवलेलं एकही पुन्हा चाललं नाही.’’ मग म्हणाले, ‘‘पुढच्या धनुर्मासाच्या आत हीटर चालू करायचा. तुम्ही येणार मदतीला?’’

पायाचा फोड भरेपर्यंत मामांनी गाडीला हात लावला नाही, आणि नंतर कोअर शोधायला लागले तर ते मिळेना. गाडी बनायची बंद होऊनच एवढी वर्षं झाली होती. जिथे विचारू तिथे तेच उत्तर, बायपास करा. शेवटी बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत मामांच्या कॉलेजातला एक जुना विद्यार्थी सापडला, त्याचा तांब्याच्या नळ्या वाकवायचा कारखाना आहे. ‘‘सर, हीटर? म्हैसुरात?’’ तो पोट धरून हसला. मामांनी त्याला हसू दिलं, मग डॅशबोर्ड उतरवून काढलेल्या जुन्या कोअरची मापं घ्यायला कागद मागितला. पुढचा बराच काळ आमच्या बेळगोळच्या चकरा चालल्या. पहिलं कोअर पाण्यात बुडवून हवा भरली तर बुडबुडे आले. दुसरं जागेत बसेना. माझं माप बरोबर होतं, मामांचंही बरोबर होतं, पण मी बाहेरून मोजलं होतं आणि ते आतून. तिसरं कोअर मात्र पाण्यात गप्प राहिलं. मामा किती तरी वेळ त्या पाण्याकडे बघत बसले होते.

कोअर आत जायचं तर अख्खा डॅशबोर्ड पुन्हा उतरवावा लागणार होता. तोवर धनुर्मास तोंडावर आला होता. मी छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि नंबरांच्या चिकटपट्ट्या घेऊन गेलो: कुठला स्क्रू कुठून निघाला याची नोंद हवी. मामांनी पिशव्या बाजूला सारल्या. ‘‘नंबर कशाला सुम्ने? जे जिथं होतं तिथं ठेवलं की आयतु, झालं.’’ आणि त्यांनी पोर्चच्या फरशीवर सगळे स्क्रू डॅशबोर्डवर होते तसेच मांडले. डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे, मध्ये रेडिओचे. अंधार पडेपर्यंत कोअर आत बसलं, नळ्या आवळल्या, पाणी भरलं, ठिबकलं नाही. डॅशबोर्ड उद्या चढवू म्हणून मी घरी गेलो.

सकाळी आलो तर पोर्च लख्ख धुतलेला, त्यावर सुंदर रांगोळी, आणि मामा पायरीवर डोक्याला हात लावून बसलेले. त्यांच्यासमोर स्टीलची वाटी. वाटीत सगळे स्क्रू. त्या घरात पहाटे दारापुढे पाणी टाकून रांगोळी काढायची राहिली असं कधी झालेलं नाही. मामींनी नेम पाळला होता, आणि डाळीतले खडे वेचावेत तसे स्क्रू वेचून, धुऊन, पुसून वाटीत ठेवले होते. मी पिशव्यांबद्दल एक अक्षर बोललो नाही. पण माझ्या चेहऱ्यावर ते आलं असावं, कारण मामा म्हणाले, ‘‘तुम्ही बोलू नका.’’

‘‘एवढं काय झालं?’’ मामी आतून बुटकं स्टूल घेऊन आल्या. ‘‘लावून देते की.’’ रांगोळीच्या बाजूला, कोरड्या फरशीवर त्या बसल्या आणि वाटीतला एकेक स्क्रू ठेवायला लागल्या. आयुष्यभर ठिपक्यांची रांगोळी काढलेली बाई. तिला स्क्रू दिसलेच नव्हते, तिला ठिपके दिसले होते. ‘‘वर लांब रांग होती. खाली हे जाड तोंडाचे, दोन दोन. इथं मध्ये रिकामं होतं, मला वाटलं काय वाईट दिसतंय.’’ मामा ताठ बसले. मग उठून उभे राहिले. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे असे पाहू लागले, जणू ही सगळी व्यवस्था त्यांनीच आधीपासून करून ठेवली होती. शेवटी वाटी रिकामी झाली आणि मामींनी मामांकडे बघून भुवया आक्रसल्या. ‘‘एन्री, वरच्या रांगेतला डावीकडचा एक कुठं घालवलात? काल होता. आज वेचतानाच नव्हता.’’

आम्ही शोधायला लागलो. सीटखाली, कुंड्यांमागे, पाणी वाहून जातं त्या मोरीत. मी हात घालून मोरी चाचपली. मामी म्हणाल्या, ‘‘तुम्ही बसा, मी झाडू आणते,’’ आणि उठून चालू लागल्या. त्यांच्या मागे फरशीवर बारीक आवाज झाला, टिक्. पुढच्या पावलाला पुन्हा, टिक्. मामांनी तो माझ्या आधी ऐकला. ‘‘थांब ग,’’ ते म्हणाले.

तो स्क्रू मामींच्या उजव्या टाचेत रुतला होता. पहाटेपासून. त्याच पायाने त्यांनी पोर्च धुतला होता, स्वयंपाकघरात वावरल्या होत्या, माझ्यासाठी कॉफी ठेवली होती. मामा खाली बसले, त्यांचं पाऊल आपल्या गुडघ्यावर घेतलं आणि तो हलक्या हाताने काढला. रक्त फारसं नव्हतं. मामी वरून बघत होत्या. एखादी रांगोळी पुसली गेल्यावर बघावं तसं. ‘‘मला कळलंच नाही बघा,’’ त्या म्हणाल्या, आणि हसायचा प्रयत्न केला. ‘‘लहानपणी चिखलात पायाखाली खेकडा आहे का गोगलगाय, ते न बघता सांगायची मी.’’ मामांनी जखम धुतली, पट्टी बांधली, स्क्रू धोतराच्या टोकाला पुसला आणि वरच्या रांगेत डावीकडे, त्याच्या जागेवर नेऊन ठेवला. ‘‘सापडला,’’ ते म्हणाले. डोळा लागला होता, हे मामींनी आम्हाला गेल्या वर्षी का सांगितलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, सुई टोचली, औषध दिलं. जखम फार खोल नव्हती. पण मामी पुन्हा पुरे म्हणतील अशी भीती आम्हा सगळ्यांना होती. मामा नुसतं डॅशबोर्ड चढवत होते. धनुर्मास लागायच्या आदल्या संध्याकाळी मामी दारात येऊन म्हणाल्या, ‘‘एन्री, उद्या पाणी किती वाजता तापवू? तुमच्या आधी माझी अंघोळ व्हायला पाहिजे.’’ मामांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मफलरने उगाच चष्मा पुसला.

पहिल्या पहाटे मलाही बोलावणं होतं. ‘‘तुम्ही मागे बसून तपासा,’’ असा हुकूम. पूजा झाली, द्रोण घेऊन आम्ही गाडीत आलो, मामांनी काचा चढवल्या, गाडी काढली आणि हीटरची दांडी ओढली. गरम वारा डॅशबोर्डखालून मधोमध बाहेर पडतो, थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. मागून मला मामांचा उघडा डावा पाय दिसत होता. क्लचवरून तो निघायचा आणि मधल्या त्या झरोक्यापाशी, मामींच्या पट्टी बांधलेल्या पावलाशेजारी जाऊन थांबायचा. वारा जरा तापला की मामांचा हात आपोआप दांडीकडे जायचा आणि ती थोडी मागे यायची. इतकी वर्षं आम्ही नवस म्हणत होतो तो एवढाच होता. तिच्या पायाला जे कळत नव्हतं ते त्यांचा पाय कळून घेत होता.

‘‘ऊब येते?’’ मामांनी विचारलं.

‘‘येते की. गुडघ्याला छान कळते,’’ मामी म्हणाल्या. हुग्गीचा घास घेतला, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. ‘‘अळियंद्रे, मागे पोहोचते का हो?’’

मागच्या सीटपर्यंत काही पोहोचत नव्हतं. उलट मागच्या काचेच्या फटीतून गार वारा मानेवर येत होता, आणि बाल्कनीतल्या थर्मामीटरवर निघताना मी आकडा पाहिला होता. पाय वर घेऊन मी माझ्या चपला काढल्या आणि त्या सीटखाली सरकवल्या.

‘‘पोहोचते,’’ मी म्हणालो.